गज चावणाऱ्या हॅमस्टरसाठी काय घ्यावे आणि काय टाळावे

हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याचे गज चावत बसतो, अशी तक्रार घेऊन पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेले की ग्राहकाच्या हाती बहुधा तिहींपैकी एक वस्तू ठेवली जाते: चावायच्या काड्यांचे पाकीट, खनिजाचा रंगीत दगड किंवा गजांवर मारायचा कडू फवारा. आमच्या घरच्या सोनेरी हॅमस्टरसाठी या तिन्ही वस्तू वापरून झाल्या, आणि नंतर लांबरुंद काचेची टाकी, तिच्यात भरायला कागदी अंथरुणाच्या मोठ्या पिशव्या व मोठ्या व्यासाचे चाक असा दुसरा संचही वापरात आला. हे परीक्षण या दोन्ही संचांचे आहे. निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्या वाचकाची सोय होईल: पहिल्या तीन वस्तूंचा गज चावण्याच्या मूळ कारणाशी फारसा संबंध नाही, आणि दुसऱ्या संचातली सर्वांत कमी देखणी वस्तू, म्हणजे नुसते अंथरूण, सर्वांत जास्त काम करते.

काड्या आणि दगड विकताना ‘दात सतत वाढतात, ते झिजवायला काहीतरी चावायला हवे’ असे जे कारण सांगितले जाते ते अर्धे खरे आहे. हॅमस्टरच्या तोंडात एकूण १६ दात असतात. त्यांपैकी पुढचे चार पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. मागच्या दाढा तशा वाढत नाहीत. पटाशीच्या दाताच्या पुढच्या बाजूला पिवळसर, कठीण इनॅमलचा थर असतो आणि मागची बाजू त्यामानाने मऊ डेंटिनची असते, त्यामुळे वरचे व खालचे दात एकमेकांवर घासले गेले की मागचा भाग आधी झिजतो आणि पुढे धार उरते. म्हणजे झिजवण्याचे बरेचसे काम दात आपसांतच उरकतात, आणि कठीण दाणे, काटक्या, पुठ्ठा यांची त्याला मदत होते. चावायला काहीतरी हवे, यात वाद नाही. परंतु दातांसाठी चावणारा हॅमस्टर आणि अस्वस्थतेने गज चावणारा हॅमस्टर यांच्यातला फरक थोडा वेळ शांतपणे पाहत बसले तर कळतो. पहिला काटकी उचलतो, फिरवून पाहतो, साल सोलतो, एखादा तुकडा घरट्यात नेतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. दुसरा रोज त्याच कोपऱ्यात, बहुधा त्याच गजावर, एकाच लयीत तोंड घासत राहतो, मध्येच खाली उतरून चार पावले चालतो आणि पुन्हा तिथेच चढतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक याला साचेबद्ध वर्तन म्हणतात. त्यातून प्राण्याचे काहीच साधत नाही आणि तरीही ते थांबत नाही. त्याने नाकावरचे केस जातात, कातडी सोलवटते, कधी दात तुटतो किंवा वाकडा वाढतो, म्हणून ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मात्र अशा प्राण्याला चावायची काडी देणे म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खरी उणीव कोणती, हे या प्राण्याच्या मूळ राहणीवरून समजते. घरोघरी दिसणारा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर हा सीरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमेलगतच्या पट्ट्यातला प्राणी आहे. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहरोनी यांच्या मोहिमेत अलेप्पोजवळच्या एका शेतातील बिळातून एक मादी आणि तिची पिल्ले खणून काढण्यात आली, आणि आजचे बहुतेक पाळीव सोनेरी हॅमस्टर त्याच पिल्लांच्या वंशातले आहेत. कुत्र्यामांजरांचा माणसाशी असलेला हजारो वर्षांचा संबंध पाहता हा सहवास अगदी अलीकडचा म्हणायला हवा, आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या हॅमस्टरचीही खणण्याची ओढ जशीच्या तशी टिकून आहे. त्या भागातील रानातल्या बिळांचे मोजमाप झाले तेव्हा त्यांची सरासरी खोली सुमारे ६५ सेंटिमीटर भरली, काही बिळे एक मीटरहूनही खोल निघाली, आणि एका बिळात एकच प्रौढ प्राणी राहत असल्याचे दिसून आले. आता बाजारातल्या तारेच्या पिंजऱ्याचा तळ पाहावा. त्याचा प्लास्टिकचा ट्रे इतका उथळ असतो की त्यात चार बोटे अंथरूण घातले तरी ते गजांतून बाहेर सांडते.

याबाबत अंदाजावर विसंबण्याची गरज नाही, कारण स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी नेमक्या याच प्रश्नावर प्रयोग केलेले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोलीच्या अंथरुणावर तीन गटांत ठेवले होते. १० सेंटिमीटरच्या गटातील प्राणी इतर दोन गटांपेक्षा लक्षणीय प्रमाणात जास्त गज चावत होते आणि चाकावरही जास्त धावत होते. ८० सेंटिमीटरच्या गटात गज चावणे दिसलेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १,८०० पासून १०,००० चौरस सेंटिमीटरपर्यंत तळ असलेले चार आकारांचे पिंजरे तपासले गेले. तिथे चारही गटांत गज चावणे आढळले, मात्र लहान पिंजऱ्यांत ते अधिक वेळा घडत होते आणि अधिक वेळ चालत होते. हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवले की खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. ऐसपैस जागा हवीच, पण ती जागा नुसती आडवी पसरलेली असून भागत नाही, तिला खोली असावी लागते.

म्हणून परीक्षणाची सुरुवात अंथरुणापासून. आम्ही घेतलेले अंथरूण कागदाच्या लगद्यापासून केलेले, पांढरे, बिनवासाचे आणि हाताला मऊ लागणारे आहे. पिशवी दाबून भरलेली असते. ती फोडून हाताने मोकळी केली की फुगते, आणि पिशवीवर लिटरमध्ये लिहिलेला आकडा हा फुगल्यानंतरचा असतो. इथे एक हिशोब आधीच करून ठेवावा. १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद तळावर २५ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर १२५ लिटर अंथरूण लागते, ४० सेंटिमीटरचा द्यायचा तर २०० लिटर. शिवाय ते दाबून भरावे लागते, कारण भुसभुशीत थरात केलेला बोगदा लगेच ढासळतो, आणि दाबल्यावर उंची कमी होते. त्यामुळे हिशोबापेक्षा बरेच जास्त घ्यावे लागते, आणि दुकानातल्या लहान पिशव्या घेत बसलात तर खर्च विनाकारण वाढतो. संपूर्ण टाकीत सारखा थर देण्याचा आग्रहही नको. एका टोकाला ४० सेंटिमीटरचा ढीग आणि दुसऱ्या टोकाकडे उतरत गेलेला १५ सेंटिमीटरचा थर, अशी रचना केली की एकीकडे बीळ होते आणि दुसरीकडे चाक, पाणी व वाळूचे भांडे ठेवायला टणक जागा उरते.

या अंथरुणाचा एकमेव ठळक दोष म्हणजे ते एकटे वापरले तर बोगदे फार काळ टिकत नाहीत. थरांमध्ये सुके गवत घालत गेले की ही अडचण बरीच दूर होते, कारण गवताच्या काड्या छताला आधार देतात. थोडेसे पाणी शिंपडून, दाबून, पूर्ण सुकू देण्याची युक्तीही सुचवली जाते, पण आतला थर ओला राहिला तर बुरशी धरते, म्हणून गवताचाच मार्ग बरा. ऍस्पेनच्या लाकडाचा धूळ चाळून काढलेला भुसा हा दुसरा चांगला पर्याय. त्यात ओल शोषली जाते, पण बोगदे कागदापेक्षाही कमी टिकतात, त्यामुळे तो मिसळण्यासाठी वापरावा. सीडरचा भुसा मात्र घेऊच नये, त्यातील सुगंधी तेलांनी श्वसनमार्गाला त्रास होतो. सुवासिक अंथरुणाच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल. ज्या प्राण्याला आपले घर वासानेच ओळखता येते त्याच्या घरात लॅव्हेंडरचा दर्प भरून ठेवण्याची कल्पना माणसाच्या नाकासाठी सुचलेली आहे. आणि ‘घरट्यासाठी मऊ कापूस’ म्हणून जे लहान पाकीट सोबत खपवले जाते, त्याचे लांब, न तुटणारे धागे पायाला गुंडाळले जाऊन रक्तप्रवाह थांबू शकतो आणि पोटात गेले तर आतडे अडू शकते. घरट्यासाठी बिनवासाचा, बिनछापाचा टिश्यू कागद फाडून द्यावा, तो हॅमस्टर स्वतः तुकडे करून गालाच्या पिशव्यांत भरून नेतो.

टाकीबद्दल मत थोडे संमिश्र आहे. १०० × ५० × ५० सेंटिमीटर हा आकार आम्ही निवडला, आणि जर्मनीतील पशुवैद्यकांच्या प्राणिकल्याण संघटनेने किमान म्हणून सांगितलेला आकारही हाच आहे. काचेचा पहिला फायदा असा की खोल अंथरूण बाहेर सांडत नाही, आणि दुसरा म्हणजे कडेला दात लावायला काहीच नसते. परंतु या दुसऱ्या फायद्याने फसू नये. गज काढून घेतले की आवाज बंद होतो, अस्वस्थता बंद होतेच असे नाही. उथळ अंथरुणाच्या, रिकाम्या काचेच्या टाकीत ठेवलेला हॅमस्टर गजांऐवजी कोपऱ्यात उभा राहून काच खरवडू लागतो, आणि ती खरवड कानाला त्रास देत नाही म्हणून मालकाला ती बरीच उशिरा लक्षात येते. एखाद्याने टाकी घेतली आणि अंथरुणात काटकसर केली, तर त्याने मुळात आपल्या झोपेची सोय केली, हॅमस्टरची नव्हे.

वजनाचा विचार खरेदीआधी करावा. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेची या मापाची रिकामी टाकीच सुमारे ३० किलो भरते. वर अंथरूण, वाळू, लाकडी सामान. ती एकदा ठेवली की ठेवली, म्हणून जागा निवडतानाच तिच्यावर थेट ऊन येणार नाही, शेजारी दूरचित्रवाणी किंवा ध्वनिक्षेपक नसेल आणि दाराची ये-जा नसेल हे पाहावे. काचेत ऊन कोंडले की आतले तापमान झपाट्याने चढते आणि हॅमस्टरला उष्णता मुळीच सोसत नाही. माणसाला ऐकू न येणारे उच्च ध्वनीही त्याला ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारा कोपरा त्याच्यासाठी शांत असतोच असे नाही. झाकण पूर्ण जाळीचे असावे. माशांच्या टाकीचे काचेचे झाकण तसेच वापरणे धोक्याचे, कारण आत दमट हवा साचते.

समोरून उघडणाऱ्या दारांच्या लाकूड-काचेच्या पेट्याही आम्ही पाहिल्या. वरून येणारा हात हॅमस्टरला शिकारी पक्ष्यासारखा भासत असल्याने समोरून हात घालणे त्याला जास्त मानवते, हा त्यांचा खरा गुण. मात्र दाराच्या खालची पट्टी जितकी उंच तितकेच अंथरूण भरता येते, आणि दिसायला भव्य असलेल्या कित्येक पेट्यांत ही पट्टी जेमतेम १५ सेंटिमीटर असते. तेवढ्यासाठी मोजपट्टी घेऊन जाण्यात संकोच करू नये. ज्यांना टाकी परवडत नाही किंवा उचलवत नाही त्यांनी मोठी प्लास्टिकची साठवणपेटी घेऊन झाकणात जाळी बसवली तरी चालते. कापलेल्या प्लास्टिकची कड दातांच्या आवाक्यात राहणार नाही एवढे बघावे, नाहीतर तीच कड नवा गज होते.

चाकाच्या बाबतीत पिंजऱ्याबरोबर मिळणारे चाक आधी बाजूला काढावे. ते जवळजवळ नेहमीच लहान असते आणि पुष्कळदा त्याला पायऱ्यांसारखे दांडे असतात, ज्यांत पाय अडकू शकतो. चाक योग्य आहे की नाही हे ठरवायला साधी कसोटी आहे: हॅमस्टर धावत असताना त्याची पाठ सरळ राहिली पाहिजे. सोनेरी हॅमस्टरला त्यासाठी सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचे चाक लागते, बुटक्या जातींना २० सेंटिमीटरच्या आसपासचे पुरते. प्राण्यांना स्वतःला निवडू दिले तेव्हा सोनेरी हॅमस्टरनी २३ सेंटिमीटरपेक्षा ३५ सेंटिमीटरचे चाक पसंत केल्याची नोंद आहे, तेव्हा मोठे घेण्यात तोटा नाही, टाकीच्या उंचीत ते बसले म्हणजे झाले. चालते चाक असलेले हॅमस्टर गज कमी चावतात हेही बर्नमधल्याच एका अभ्यासात दिसले होते, म्हणजे ही वस्तू चैनीची नाही. आमच्या चाकाची धावपट्टी सलग आहे आणि बेअरिंग चांगले असल्याने रात्री फक्त पावलांचा आवाज येतो. त्याचा पाया अंथरुणावर ठेवला तर तो खचतो आणि चाक अडते. त्याला पायांवर उभ्या केलेल्या फळीवर ठेवावे लागते, आणि ती फळी उत्पादकाने सोबत द्यायला हवी होती असे वाटते. चाकाविषयी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. उथळ अंथरुणावरचे प्राणी चाकावरही अधिक धावत होते, म्हणून हॅमस्टर तासन्‌तास उतरतच नाही याचा अर्थ तो खूश आहे असाच घ्यायचे कारण नाही.

उरलेल्या वस्तूंचा निकाल लवकर लागतो. सफरचंदाच्या किंवा विलोच्या बिनफवारणीच्या काटक्या जरूर ठेवाव्यात, त्या साल सोलायला आवडतात, आणि विकतच्या रंगवलेल्या, मधाने चिकटवलेल्या काड्यांपेक्षा त्या कितीतरी बऱ्या. पुठ्ठ्याच्या नळ्या तर फुकटच असतात. खनिजाचा दगड समतोल खाद्य मिळणाऱ्या हॅमस्टरला लागत नाही. आमच्याकडचा जसा आणला तसाच राहिला. कडू फवारा ही या यादीतली सर्वांत वाईट खरेदी, कारण तो काम करो वा न करो, दोन्ही प्रकारे नुकसानच आहे: काम केले नाही तर पैसे गेले, आणि केले तर अस्वस्थ प्राण्याची एकच वाट बंद होऊन ती अस्वस्थता दुसरीकडे निघते. फिरायला म्हणून विकला जाणारा बंद प्लास्टिकचा चेंडूही इथेच धरावा. त्यात हॅमस्टरला थांबता येत नाही, लपता येत नाही, वास घेत वाट शोधता येत नाही, आणि भिंतीवर आदळणे तेवढे हमखास मिळते.

दोन वस्तूंची मात्र मुद्दाम शिफारस करतो. पहिली म्हणजे अनेक खोल्यांचे, तळ नसलेले लाकडी घर. ते अंथरुणात अर्धे पुरून ठेवले की हॅमस्टर त्याच्या खोल्यांतून खाली बोगदे काढतो, एका खोलीत झोपतो, दुसरीत दाणे साठवतो, आणि छत उचलले की आपल्याला बीळ न मोडता आत पाहता येते. छताला खिळे बाहेर आलेले नाहीत आणि दारे गाल भरलेला हॅमस्टर सहज जाईल एवढी, म्हणजे निदान ७ सेंटिमीटरची आहेत, हे तपासून घ्यावे. दुसरी वस्तू म्हणजे वाळूचे भांडे. बुटक्या जातींना अंग स्वच्छ ठेवायला वाळू लागतेच, सोनेरी हॅमस्टरही तिच्यात लोळतात, आणि पुष्कळ हॅमस्टर तिथेच लघवी करत असल्याने बाकीचे अंथरूण जास्त काळ कोरडे राहते. चिंचिलासाठी विकली जाणारी बारीक पूड या कामाला घेऊ नये, ती फुप्फुसात जाते. स्वच्छ, धूळ नसलेली खरी वाळूच हवी.

हे सगळे सामान घरी आणले आणि त्याच संध्याकाळी हॅमस्टर शांत झाला, असे होत नाही, आणि दुकानदाराने तसे सांगितले असेल तर ते मनावर घेऊ नये. नव्या जागेत आपला वास नसणे हाच त्याच्या दृष्टीने मोठा धक्का असतो. म्हणून जुन्या पिंजऱ्यातले घरटे आणि साठवलेले दाणे जसेच्या तसे नव्या टाकीत ठेवावेत, पहिले काही दिवस हात घालणे टाळावे, आणि दिवसा तो झोपलेला असताना काही झाले तरी उठवू नये. आमच्याकडे गजांवरची जुनी सवय एकदम सुटली नाही. टाकीत आल्यावरही काही रात्री तो कोपऱ्यात उभा राहत असे, पण खणायला जागा आहे हे कळल्यावर त्या फेऱ्या विरळ होत गेल्या आणि बराचसा वेळ तो अंथरुणाखालीच दिसेनासा होऊ लागला. ज्यांना हॅमस्टर सतत नजरेसमोर हवा असतो त्यांना ही रचना आवडणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. साचेबद्ध सवय जितकी जुनी तितकी ती चिवट असते, आणि काही प्राण्यांत ती थोडीफार कायमच राहते.

खाद्य वाटीत घालण्याऐवजी अंथरुणावर विखरून टाकणे हा या संचाचा बिनखर्चाचा पूरक भाग आहे. वाटीतले दाणे हॅमस्टर थोड्या वेळात गालात भरून मोकळा होतो. विखुरलेले दाणे शोधताना त्याची रात्रीची बरीच वेळ सत्कारणी लागते. सफाईच्या बाबतीत या खोल अंथरुणाने आमचे काम वाढले नाही, उलट कमी झाले. ओला कोपरा आणि वाळूतले लघवीचे खडे तेवढे नियमित काढावेत, आणि मोठी सफाई करायची झाली तरी निदान अर्धे जुने, कोरडे अंथरूण व घरटे परत घालावे. दर आठवड्याला सगळे उपसून, साबणाने धुऊन, नवे भरण्याची जी सूचना पिंजऱ्यांच्या खोक्यावर छापलेली असते, ती पाळणारा मालक आपल्या हॅमस्टरला दर आठवड्याला परक्या घरी नेऊन सोडत असतो, आणि सफाईच्या दुसऱ्या दिवशी गज चावणे का वाढते हे त्याला कळत नाही. दोन सोनेरी हॅमस्टर एकत्र ठेवलेले असतील तर यातले कोणतेच सामान उपयोगाचे नाही, आधी त्यांना वेगळे करावे लागेल. ही जात एकटीच राहते आणि एकत्र ठेवलेले प्राणी एकमेकांना जीवघेण्या जखमा करतात.

आणि काही हॅमस्टरच्या बाबतीत खरेदीच्या आधी पशुवैद्याकडे जावे लागते. तोंडातून लाळ गळणे, हनुवटी ओली राहणे, दाणा उचलून पुन्हा टाकून देणे, वजन उतरणे ही दातांच्या किंवा गालाच्या पिशवीच्या दुखण्याची लक्षणे आहेत. वाढलेला दात घरी नखे कापायच्या कात्रीने कापू नये, तो उभा चिरतो. नुकत्याच आणलेल्या लहान पिल्लाला ताणाच्या काळात पातळ जुलाब होऊन शेपटीखालचा भाग ओला दिसू लागला, तर त्याच दिवशी उपचार हवेत, कारण या आजारात एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. पशुवैद्याची वेळ घेताना ते हॅमस्टर किंवा त्यासारखे लहान प्राणी तपासतात का, हे आधी विचारून घ्यावे. सगळेच तपासत नाहीत. जाताना त्याला टाकीतल्याच थोड्या अंथरुणासह लहान, बंद झाकणाच्या, हवेशीर डब्यात न्यावे, आणि त्याच्या गज किंवा काच चावण्याचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण सोबत ठेवावे, कारण तपासणीच्या टेबलावर घाबरून बसलेला हॅमस्टर ते करून दाखवत नाही.